तेल कधी बदलायचं?

त्यांची खोली भाड्याने बघायला गेले तेव्हा मला आधी दिसले ते त्यांचे पाय. अंगणात एक जुनी पिकअप उभी होती आणि तिच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते. मी खोलीचं विचारलं. त्या पायांच्या मालकाने नाव, गाव, नोकरी काहीएक विचारलं नाही. आतूनच आवाज आला, "गाडी हाय का तुमच्यापाशी?"

नाही म्हटलं. चंद्रपूरला वडिलांकडे मोटरसायकल आहे.

"तेल कधी बदलते तिचं?"

आता वडिलांच्या मोटरसायकलचं तेल कधी बदलतं हे कुठल्या मुलीला माहीत असतं? मी म्हटलं, विचारून सांगते. गाडीखालून खुशीतला आवाज आला, "खोटं नाई बोलली. जा, काकूपासून किल्ली घ्या."

राज्य नवं होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, आणि एका नव्या कचेरीत मला नोकरी लागली होती. शहरात खोल्या मिळत नव्हत्या. मला ती मिळाली ती केवळ इंजिन ऑइलविषयीच्या माझ्या प्रामाणिक अज्ञानामुळे. पुढे पाच वर्षं मी त्यांची भाडेकरू होते, आणि या पाच वर्षांत त्या अज्ञानाचा एक कणही त्यांनी माझ्यापाशी शिल्लक ठेवला नाही.

काका मूळचे यवतमाळकडचे. शहराबाहेरच्या उरला या कारखान्यांच्या वसाहतीत, लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. मिल बंद पडली तेव्हा मिळालेल्या पैशात त्यांनी ही जुनी पिकअप घेतली आणि नेमकी त्याच सुमारास राजधानी आली. राजधानी म्हणजे काय, तर कचेऱ्या. आणि कचेऱ्या म्हणजे टेबलं, खुर्च्या, लोखंडी कपाटं. हे सगळं कुणीतरी वाहून न्यायला हवं होतं. काकांनी नेलं. त्यामुळे त्यांचं प्रामाणिक मत असं होतं की राजधानी सरकारने फक्त जाहीर केली, आणली ती त्यांनी.

"अर्धं सरकार माह्या गाडीतून गेलं," ते म्हणत. "बसाले खुर्चीच नसती तं राज्य काय उभ्यानं चालवलं असतं काय?"

पण हा अभिमान दुय्यम. त्यांचा खरा धर्म तेल. पिकअपचं इंजिन ऑइल किती दिवसांनी बदलावं या एका प्रश्नावर त्यांनी जेवढा विचार केला होता, तेवढा त्या सरकारने कशावर केला असेल असं मला वाटत नाही.

तिथेच जवळ बीरगांवात त्यांचा एक ओळखीचा मिस्त्री होता. त्याचं म्हणणं साधं होतं. "काका, किताब में दस हजार किलोमीटर लिखा है, काहे टेंशन लेते हो?"

"किताब कोठं छापली?" काका विचारत. "जिथं छापली तिथं उरला हाय काय? ही काळी धूळ हाय काय? किताब लिहिणाऱ्याले म्हणाव, एक डाव कपाटं भरून भर उन्हात ये इकडं."

त्यांचं दुसरं सूत्र किलोमीटरच्याच विरोधात होतं. गाडी फाटकापाशी उभी आहे, पुढे ट्रकांची रांग आहे, काटा जागचा हलत नाही. पण इंजिन चालूच आहे ना? "काटा झोपला म्हणून तेल झोपते काय?" म्हणून ते किलोमीटर मोजत नसत. तसाही त्यांच्या गाडीचा काटा मी पाहिला तेव्हापासून बंदच होता.

मग ठरवायचं कसं? रंगावर नाही. डिझेल इंजिनात तेल घातल्या घातल्या काळं पडतं, त्यामुळे रंग बघून ठरवणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. तेल मोजायची लोखंडी काडी ओढून काढायची, टोकावरचं तेल अंगठा आणि बोटामध्ये चोळायचं, डोळे मिटायचे. कचकच लागते का? मग वास. मग एक थेंब कागदावर. थेंब पसरतो, त्याचं कडं उमटतं. मध्ये काळं आणि काठाला साफ असेल तर अजून दम आहे. सगळंच काळं आणि जागच्या जागी घट्ट, तर आजच्या आज बदला. वेळेआधी बदलणारा उधळ्या आणि वेळेनंतर बदलणारा खुनी, असा त्यांचा निवाडा होता. मधल्या बारीकशा फटीत एकटे काका उभे होते.

या थेंबासाठी त्यांना सतत कागद लागे. घरातलं वर्तमानपत्र, माझं कचेरीचं पाकीट, काकूंची भिशीची चिठ्ठी, हाताला लागेल ते. एकदा एका मोठ्या साहेबाचं नवं कोरं टेबल घेऊन निघाले होते. वाटेत इंजिनाचा आवाज त्यांना जरा कोरडा वाटला. गाडी थांबवली, काडी काढली, कागद सापडेना. टेबलावर हिरवं कापड ताणून बसवलेलं होतं. काकांच्या मते टीपकागदापेक्षा उत्तम.

साहेबाने विचारलं, ये क्या है? काका म्हणाले, "साहेब, घाबरू नका. काठाले साफ हाय."

साहेब हे ऐकून खरोखरच निर्धास्त झाला असावा, कारण त्याने पुढे काही विचारलं नाही. फक्त त्या कचेरीचं काम परत काकांना मिळालं नाही.

काकू या सगळ्याला एका वाक्यात निकालात काढत. "याईच्या डोक्यातलं तेल कोणी बदलत नाई, तिथंच सारा घोळ हाय." काकू कमी बोलायच्या. पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे, हे मला फार उशिरा कळलं.

आणि वंदना. काका-काकूंची एकुलती एक मुलगी, माझ्याच वयाची. टायपिंग शिकलेली, दिसायला नीटस, हसायला मोकळी. लहानपणापासून बापाच्या गाडीखाली पाने पुरवत वाढली होती. काका गाडीखालून हात बाहेर काढायचे आणि न बोलता त्यांच्या तळहातावर बरोबर तोच पाना पडायचा. वंदना घरी नसली तर तो हात तसाच बाहेर राहायचा, मग काका चिडून स्वतः बाहेर यायचे.

तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. चालू होतं म्हणजे काकू बघत होत्या आणि काका मोडत होते. मोडायची पद्धत ठरलेली. पाहुणे आले, पोहे झाले, मुलगा जरा सैल बसला, की काका पुढे सरसावत आणि विचारत, "बरं, पिकअपचं तेल किती दिवसांनी बदलावं?"

नागपूरहून आलेला एक बँकेतला मुलगा म्हणाला, दहा हजारांनी. काका म्हणाले, खुनी. भिलाईचा एक जण आधीच कुणाकडून तरी ऐकून आला होता. तो म्हणाला, तीन हजारांनी. काका म्हणाले, उधळ्या. एकाने सांगितलं, सर्व्हिस सेंटरवाले बघतात. त्याला तर काकांनी पानसुद्धा दिलं नाही. आणि एक बिचारा सरळ म्हणाला, मला माहीत नाही. मला वाटलं, आता हा पास! याच उत्तरावर मला खोली मिळाली होती. पाहुणे गेल्यावर काका म्हणाले, "ज्याले तेलाचं माहीत नाई, तो पोट्टीचं काय पायणार?"

एकाची तर पत्रिकाच आली होती. काकूंनी ती ओसरीवर ठेवली आणि चहा आणायला आत गेल्या. परत येतात तो काका पत्रिका उन्हात धरून बघतायत. तेलाचा थेंब नेमका सप्तम स्थानात पडला होता.

"पाय," काका समाधानाने म्हणाले, "मधात काळं, काठाले साफ. अजून महिनाभर चालते."

"अन् पोरगा?" काकूंनी विचारलं.

"पोरगा गेला."

मी त्यावर खूप हसले होते. वंदना हसली नाही. ती आत जाऊन भांडी जरा जोरात घासायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या प्रश्नाला बरोबर उत्तरच नव्हतं. कुणीही काहीही सांगितलं असतं तरी काका ते चुकीचंच ठरवणार होते. त्यांना मुलगी द्यायचीच नव्हती, आणि तसं सरळ म्हणायची सोय नसल्यामुळे ते तेलाचं नाव पुढे करत होते. हे त्यांना स्वतःला माहीत होतं की नाही, देव जाणे.

पंचाईत अशी की वंदनाचं ठरलं होतं. माझ्याच कचेरीत एक मुलगा होता. मला डबा द्यायला ती दोन-तीनदा आली, मग डबा नसला तरी यायला लागली. मुलगा चांगला, शांत. घराणं मराठीच, पण भोसल्यांच्या काळापासून इथे रुजलेलं, राहायला गोल बाजारच्या मागच्या गल्लीत. त्याला मराठी पुरतं समजायचं, मात्र बोलायचं म्हटलं की हिंदीच बाहेर यायचं. वंदना म्हणाली, "तूच काही तरी कर. बाबांनी याले नाही म्हटलं तं मी दुसरं कोणाले पाहणार नाई. अन् बाबाले सोडून पळूनही जाणार नाई. मंग बसते मी अशीच."

ती हे गंमतीत म्हणत नव्हती. म्हणून मी त्या मुलाला कचेरीत जेवणाच्या सुट्टीत शिकवायला बसले. धूळ, वजन, ऊन, उभ्या गाडीचं चालू इंजिन, अंगठा आणि बोट, थेंबाचं कडं. तो सगळं हिंदीत घोकायचा आणि मध्येच घाबरून विचारायचा, "दीदी, अगर उन्होंने गियर का तेल पूछ लिया तो?"

ठरल्या दिवशी तो आईला घेऊन आला. वडील नव्हते. आई मोठी प्रेमळ बाई, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. पोहे झाले. मी ताटल्या उचलत होते, वंदना आतल्या दाराशी उभी होती. काका पुढे सरसावले, पण त्या दिवशी कसं कोण जाणे, पिकअपचं नाव घ्यायचं राहिलं.

"मले एकच विचाराचं हाय," ते म्हणाले. "तेलाचं कसं असते तुमच्याकडं?"

मुलाने श्वास घेतला. आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं.

"त्याला काय पूछता भाईसाहब? तेल का काम पोरांना काय समजणार? आमच्यात ते सगळं लेडीज लोगच करतात."

इथे एक सांगायला हवं. रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांच्या लग्नात इथली रीत मिसळली आहे. लग्नाआधी नवरा-नवरीच्या अंगाला बायका हळदीचं तेल लावतात, त्याला तेल चढवणं म्हणतात; मग रीतसर ते उतरवतात. मुलीच्या बापाने तेलाची गोष्ट काढली, म्हणजे त्या माउलीच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच होता: मुलगा पसंत, तारीख बोला. मला हे तिच्या पहिल्या वाक्यालाच कळलं. मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"बायका करतात?" काका थक्क. "सोताच्या हातानं?"

"हव! अजून कोण करणार? मी स्वतः बसते. माझ्या दोन्ही ननदा येतात."

काका माझ्याकडे वळले. "पाय. याले म्हणतात घर." मग पुन्हा तिकडे. "अन् एकदा टाकलं का किती दिवस ठेवता?"

"जादा नाही. दोन दिवस चढवायचं, तिसऱ्या दिवशी उतरवायचं."

"तिसऱ्या दिवशी!" काका अर्धे उठलेच. जन्मभरात त्यांना स्वतःपेक्षा कडक माणूस भेटला नव्हता. त्यांच्या हिशेबात खरं तर ही उधळपट्टीच, पण इतक्या निष्ठेपुढे त्यांना ती बोलवेना. "अन् लोकं मले पागल म्हणून राहिले! जुनं तेल तं पुन्हा वापरत नसाल?"

"राम राम! जुनं कोणी चढवतं का? एकदम कोरं आणायचं."

"शंभर टक्के बरोबर."

"तर मग भाईसाहब," आई जरा पुढे झाली, "तुम्हीच बोला. कधी चढवायचं?"

"ताई, माह्यं एकच म्हणणं हाय," काका म्हणाले, आणि आवाजात ती जुनी तेलाची झिंग होती. "तेलाच्या कामात उशीर करू नये. वेळ झाली का चढवून मोकळं व्हा. हयगय केली का खेळ खलास."

त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आम्हाला वाटलं, एकुलती पोरगी, तुम्ही टाइम मागाल."

तोवर काकू कुंकू, नारळ, पेढे सगळं घेऊन हजर होत्या. ते ताट त्यांनी कधी मांडलं होतं, मला आजही माहीत नाही. वंदनाला बाहेर बोलावलं, त्या बाईंनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली. काकूंनी त्यांच्या तोंडात पेढा घातला आणि दुसरा काकांच्या.

"पुढच्या महिन्यात पंचमीला तेल," आई डोळे पुसत म्हणाली. "हळद मी घरीच कुटून आणते."

"हळद कायले?" काकांनी पेढा चघळत विचारलं.

"तेलात घालायला."

"तेलात हळद?" काका बघतच राहिले. "इंजिनात?"

"कोणाच्या इंजिनात?"

काकांचा चेहरा बघून घाबरलेल्या मुलाने महिनाभर घोकलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. "काकाजी, धूल ज्यादा हो तो जल्दी, लोड ज्यादा हो तो और जल्दी, किलोमीटर पे नहीं जाना, उंगली पे लेके देखना, कागज पे बूँद डालना, बीच में काला, किनारे साफ!"

उत्तर पूर्ण बरोबर होतं. शब्दन् शब्द काकांचाच होता. काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग नारळाकडे, मग वंदनाच्या कपाळावरच्या कुंकवाकडे. त्यांना सगळं कळायला थोडा वेळ लागला आणि तेवढ्या वेळात त्यांचा चेहरा इतका उघडा पडला की मला ताटल्या घेऊन आत पळून जावंसं वाटलं. वंदना मान खाली घालून उभी होती. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मागून समजत नव्हतं. एक शब्द बोलून ते सगळं मोडू शकले असते. आजवर त्यांनी मोडलंच होतं.

"वंदे," ते म्हणाले, "मले यातलं काहीच समजलं नाई वो. तुले समजलं होतं ना?"

"हो बाबा."

"मंग झालं."

मुलगा अजून घाबरलेलाच होता. "काकाजी, गियर का भी बताऊँ?"

"आता राहू द्या, जावईबापू," काका म्हणाले. "घ्या, पेढा खा."

लग्न झालं. पंचमीला तेल चढलं, त्या दिवशी काकांनी पिकअप बाहेर काढली नाही आणि तिच्याखालीही गेले नाहीत. नुसते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आल्यागेल्याला सांगत होते की आज तेल आहे.

काकांच्या वऱ्हाडाकडच्या जुन्या घरांत बाप मुलीच्या सासरी पाणी पीत नाही. बाकी कशात काका फारसे रीतीभातीचे नव्हते, पण ही रीत त्यांनी धरून ठेवली. आता ज्या घरात पाणीही प्यायचं नाही, तिथे जाऊन बसणार कसं? दोन मिनिटं उभं राहायचं, बरी आहेस ना विचारायचं आणि निघायचं. असं एक-दोनदा झालं. मग एके दिवशी काकांनी जावयाच्या मोटरसायकलची काडी काढून बघितली आणि तिचं तेल पार गेलं आहे असं जाहीर केलं.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी रविवारी ते जायचे. कचेरीत जावई मला म्हणायचा, "दीदी, मेरी गाड़ी उतना पेट्रोल नहीं पीती, जितना तेल पी रही है." मी म्हटलं, तक्रार करू नकोस. तो म्हणाला, नाही नाही, अम्मा बहुत खुश है, कहती है ऐसा समधी किसको मिलता है.

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. पिकअप त्या गल्लीत शिरत नाही म्हणून गोल बाजारच्या तोंडाशीच लावली, आणि कापडाच्या, भांड्यांच्या दुकानांमधून काका एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्या हातात पान्यांची पिशवी घेऊन असे चालले होते, जसे लोक मुलीकडे फळं घेऊन जातात. वंदनाने दारात गोणपाट अंथरूनच ठेवलं होतं. काकांनी मोटरसायकल जरा वेळ चालू ठेवली, तेल कोमट होऊ दिलं, खालचा बोल्ट सोडला आणि पसरट पत्र्याच्या ट्रेमध्ये धार लागली.

मग ते ओट्यावर बसले. वंदना सूप घेऊन शेजारी बसली आणि तुरीच्या शेंगा सोलू लागली. दोघं बोलत होते ते अगदी बिनकामाचं. काकूंचा खोकला, शेजारच्यांची नवी भिंत, वांगी यंदा कडू निघतात. काकांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे तिच्या सुपात टाकले, खाल्ले नाहीत. मग आतून सासूबाईंची हाक आली, तशी वंदना उठून गेली.

मी सहज ट्रेमध्ये वाकून पाहिलं. पेट्रोलच्या इंजिनातलं तेल होतं, लवकर काळं पडत नाही. पण हे तर मधासारखं स्वच्छ होतं. ट्रेचा तळ दिसत होता.

"काका," मी हळूच म्हटलं, "हे तर नवंच आहे. याला काही झालेलंच नाही."

त्यांनी आधी आतल्या दाराकडे बघून घेतलं.

"हव," ते म्हणाले. "मले दिसत नाई काय? पन निथळाले टाइम लागते ना वो."

शेवटचा थेंब पडून बराच वेळ झाला होता. बोल्ट त्यांच्या मुठीतच होता.

"बाबा, झालं का?" वंदनाने आतून विचारलं.

"नाई बाई," काका म्हणाले, "थेंब थेंब पडूनच राहिलं अजून."